पापड, पाणी आणि अकरा महिने

खरं तर वर्णन करावं असा हा प्रवास नव्हताच. अंबाजोगाईहून निघायचं, अंबरनाथला आतेबहिणीकडे उतरायचं, उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मुलाखत द्यायची आणि परत यायचं. अशा मुलाखतींच्या निमित्ताने मी निम्मा महाराष्ट्र पाहिला आहे आणि त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. लिहिणार काय? प्रत्येक गावातलं मला आठवतं ते कॉलेजचं आवार, पाण्याचा कूलर आणि बाहेरच्या बाकावर फायली मांडीवर घेऊन बसलेले आम्ही उमेदवार. या वेळी मात्र घरी येऊन बॅग रिकामी केली तरी मन काही परत आलेलं नाही. आई म्हणते, ही पोरगी आधीच चालता चालता झोपणारी, आता तर उठायचं नावच घेत नाही.

मी इतिहासाची. आमच्याकडच्या आठवडी बाजारांवर पीएच.डी. केली आणि तेव्हापासून तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याच तासांच्या तुम्ही प्राध्यापक. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोणीच नसते. उल्हासनगरची जागा वेगळी होती. प्रादेशिक इतिहास शिकवायचा आणि त्याच भागावर संशोधनही करायचं, असं दोन्ही एकत्र. जाहिरात वाचली आणि मी दिवसभर हवेत होते. मुदत अकरा महिने, हे मी अण्णांना हळूच, भाकरी वाढता वाढता सांगितलं.

अण्णा एसटीत कंडक्टर होते. सुरुवातीची कितीतरी वर्षं रोजंदारीवर. सकाळी डेपोत जाऊन बसायचं, नाव पुकारलं तर ड्युटी, नाहीतर परत घरी. पर्मनंटची ऑर्डर डोळ्यांनी बघितल्याशिवाय आईच्या वडिलांनी लग्नाची तारीख काढली नाही. त्यामुळे जगातल्या सगळ्या नोकऱ्यांचे अण्णांच्या लेखी दोनच प्रकार. त्यात गावातल्या एका स्पर्धा परीक्षा अकॅडमीने मला कायमची जागा देऊ केली होती. तिथे इतिहास एका ओळीच्या उत्तरांत शिकवायचा. कारण विचारायचं नाही, कारणाला गुण नसतात. मंगळवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"जाऊन ये," अण्णा म्हणाले, "पण ही शेवटची. पर्मनंट असलं तर बघू, न्हाईतर अकॅडमी."

निघताना शेजारचे बाबुराव काका दारातच होते. प्रत्येक मुलाखतीच्या आधी आणि नंतर ते तोच प्रश्न विचारतात, "पर्मनंट हाय का?" ते विचारतात आणि अण्णा जमिनीकडे बघतात. मला मुलाखतीपेक्षा त्या बघण्याची जास्त भीती वाटते.

अंबरनाथ पश्चिम

वसुधाताईचं घर स्टेशनजवळच, तिसऱ्या मजल्यावर. दाजी एका कारखान्यात अधिकारी आहेत. खिडकीतून डोंगर दिसतात. आमच्याकडे बालाघाटचे डोंगर बसके, ओळखीचे. हे म्हणजे कोणीतरी निळ्या कागदाचे फाडून उभे केलेले. माघ संपत आला होता, हवेत धूसरपणा होता, आणि चहा घेता घेता मी त्यांच्याकडे इतका वेळ बघत राहिले की ताईने कप हातातून काढून घेतला.

संध्याकाळी तिने शिवमंदिरात नेलं. महाशिवरात्र जवळ आलेली, जत्रेचे बांबू ठोकणं चाललं होतं. बेल, नारळ, प्लास्टिकची खेळणी, उसाचा रस. शेजारून वालधुनी वाहते. तिचा वास येतो, ते लपवण्यात अर्थ नाही. पण काळ्या दगडाचं देऊळ समोर आलं आणि मी बाकी सगळं विसरले. भिंतीवर बोटभरही जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. नाचणारे, वाजवणारे, हत्ती, वेली. उतरतं ऊन त्यांच्यावरून सरकत होतं तसतसे ते जागा बदलत आहेत असं वाटत होतं.

गाभारा खाली आहे. पायऱ्या उतरून ओल्या, गार अंधारात जावं लागतं. तिथे पिंडीजवळ उभं राहून मी वर पाहिलं तर वर आभाळ. डोक्यावर छत नाही. तळाशी आपण, आणि वर संध्याकाळचा एक तुकडा.

"पांडवांनी एका रात्रीत बांधलं," ताई कानाशी म्हणाली. "पहाट झाली, आणि वरचं राहिलं ते राहिलंच."

"शिलाहारांच्या काळातलं आहे, ताई," माझ्यातल्या मास्तरणीने लगेच सांगितलं.

"तुझे शिलाहार कागदावर असतील. आमचे पांडव काम अर्धं टाकून गेलेत, ते डोळ्यांना दिसतंय."

 मी वर बघत राहिले. पूजा करणाऱ्यांना त्या उघड्या छताचं काही वाटत नव्हतं.

कॅम्प

मुलाखतीत एक छोटा पाठ घ्यायचा होता. मी विषय निवडला होता शिलाहारांच्या काळातलं उत्तर कोकण. तयारी चोख होती. तरी ज्या गावात शिकवायचं ते आधी पाहावं म्हणून दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरला गेले. ताईच्या शिवणक्लासातली जुनी मैत्रीण तिथे राहते, ईश्वरी आंटी. "तिच्याशी बोल," ताई म्हणाली, "मग तुला पुस्तक लागणार नाही."

उल्हासनगरात पत्ता विचारला की आधी कॅम्पचा नंबर विचारतात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना इथल्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून ठेवलं, तेव्हाचा तो शब्द. आता बराकींच्या जागी इमारती आहेत, खाली फर्निचरची, कापडाची, मिठाईची दुकानं आहेत, तारांवर जीन्स वाळत आहेत, आणि माणसं अजून म्हणतात, "कॅम्प तीन में रहते हैं." रिक्षावाला माझ्याशी मराठीत बोलत होता, आरशाकडे बघून फोनवर सिंधीत आणि सिग्नलला हिंदीत शिव्या देत होता. मला त्या तीन भाषांची गुंगी चढली.

दुपारचं टळटळीत ऊन होतं. आंटींनी दार उघडलं, बसवलं, पंखा लावला. पंच्याहत्तरीच्या, बारीक चणीच्या, डोक्यावर ओढणी. आत गेल्या आणि एका ताटलीत भाजलेला पापड आणि पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. समोर ठेवून बसल्या.

आता आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात. पापड येतो तो पानात, वरण-भाताच्या बाजूला. तेव्हा पापड आला म्हणजे मागून ताट येणार, हे मी धरूनच चालले. एवढा त्रास कशाला घेतला, असं मनात म्हणत मी हात मांडीवर ठेवून बसले. आंटी माझ्याकडे बघत होत्या. मी आंटींकडे बघत होते. थोडं हवापाण्याचं बोलणं झालं. ताट येईना. आंटींच्या चेहऱ्यावर हळूहळू चिंता दिसायला लागली. मी जेवायलाच आलेय असं त्यांना वाटलं असावं आणि घरात काही नसावं, असं मला वाटायला लागलं. पापड मऊ पडत चालला.

शेवटी मीच धीर केला. "आंटी, जेवणाचं खरंच राहू द्या. मी ताईकडे जेवून आलेय."

"खाना?" आंटी चपापल्या. "खाना किसने बोला? तू पापड क्यों नहीं खाती? मैं चाय चढाने के वास्ते कब से बैठी हूँ!"

मग खुलासा झाला. त्यांच्यात पाहुणा आला की आधी पापड आणि पाणी. उन्हातून आलेल्याने नुसतं पाणी पिऊ नये, थोडं खारट पोटात जावं. पाहुण्याने पापड संपवला की मगच चहा ठेवायचा. मी ताटासाठी थांबले होते आणि त्या पापडासाठी. आंटी हसता हसता ओढणीने डोळे पुसायला लागल्या. "तुम लोगों में खाने के साथ, हमारे में आने के साथ!" त्यांनी तो मऊ पापड उचलून नेला आणि नवा भाजून आणला. मिऱ्याचा, जिऱ्याचा, जिभेला चरचरणारा.

मग मी माझ्या ठरलेल्या प्रश्नाकडे वळले. बाजारांवर काम करताना शेकडो लोकांना विचारलेला प्रश्न. "आंटी, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इधर की. कॅम्प तीन."

"नाही, म्हणजे मूळच्या..."

"मूळ माने? माँ-बाप सिंध के. मैंने तो सिंध फोटो में भी नहीं देखा. मैं बराक में पैदा हुई." मग त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, "अच्छा, तू बोल. तेरी नौकरी पक्की है?"

"नाही."

"बुरा लगा, मैंने पूछा तो?"

"थोडं लागलं."

"बस, वैसेच. सब आ के मेरे को मूळ-मूळ पूछते हैं." त्या रागावल्या नव्हत्या. चहात बिस्कीट बुडवत सांगत होत्या. "माँ बोलती थी, सामान पूरा मत खोलो, दो-चार महीने की बात है. एक पेटी सालों तक बंधी पडी रही. फिर उसी पे बैठ के हम लोग पापड बेलते थे."

"कुठे आहे ती पेटी?" मी अधीर होऊन विचारलं.

"गई भंगार में," आंटी म्हणाल्या. "जंग लग गया था."

निघताना त्यांनी पापडांची एक गड्डी पिशवीत कोंबली. घरच्यांना दे म्हणाल्या, आणि कसे द्यायचे तेही सांगितलं, कारण माझ्यावर त्यांचा आता भरवसा नव्हता.

मुलाखत

कॉलेजच्या बाकावर तेच चेहरे. आम्ही एकमेकांना गावांच्या नावाने ओळखतो. सावंतवाडी आली होती, परभणी आली होती. एकमेकांच्या फायलींतला क्रम बघून दिला, एकमेकांना शुभेच्छा दिल्या, आणि प्रत्येकाने मनात दुसऱ्याचा पाठ फसावा अशी प्रार्थना केली. मी केली.

आत तिघं होते. मध्ये विभागप्रमुख बाई, एका बाजूला बाहेरून आलेले तज्ज्ञ, दुसऱ्या बाजूला संस्थेचे एक वयस्क सिंधी सर. मी शिलाहारांपासून सुरू केलं. सगळं नीट चाललं होतं आणि त्यामुळेच तज्ज्ञ घड्याळाकडे बघत होते. विभागप्रमुख बाईंनी मला मध्येच थांबवलं.

"हे छान आहे. पण आमच्या वर्गात बसलेल्या मुलांचं गाव पाऊणशे वर्षांचं. त्यांना वाटतं, इतिहास पुण्याला असतो. त्यांना काय शिकवाल?"

 तयारी केलेलं सगळं हजार वर्षांपूर्वीचं होतं. आणि मग का कोण जाणे, मी पापड सांगितला. ताटाची वाट, मऊ पडलेला पापड, चहासाठी खोळंबलेल्या आंटी, सगळंच. सांगता सांगता आवाज मोकळा झाला. म्हटलं, मी मुलांना आधी हेच विचारायला सांगेन की तुमच्या घरी उन्हातून माणूस आला तर त्याच्यापुढे काय ठेवतात, आणि ते कुठून आलं. सिंधी घरातला मुलगा आगरी घरात विचारील, बदलापूरकडच्या खेड्यातला मुलगा कॅम्पात. वर्षभरात या भागात कोण, कधी, कशासाठी आलं त्याचा नकाशा वर्गातच तयार होईल. शिलाहार त्यानंतर आले तरी चालतील, त्यांना घाई नाही.

सिंधी सर मोठ्याने हसले. "आमची मराठी सून पण अशीच बसून राहिली होती! दोन दिवस आम्हाला वाटलं, हिला पापड आवडत नाही!"

तज्ज्ञ मात्र हसले नाहीत. "जागा अकरा महिन्यांची आहे, मॅडम. पुढची काही खात्री नाही. तुम्ही टिकाल?"

"हो," मी म्हणाले. एवढंच. खरं उत्तर सुचलं ते स्टेशनच्या पुलावर, वरातीमागून घोडं. सर, इथे तर अख्खं शहर दोन-चार महिन्यांसाठी आलं होतं, असं म्हणायला हवं होतं. स्वतःवर चरफडत मी ताईच्या घरी गेले.

चामटोली

रविवारी दाजींनी बदलापूरजवळच्या चामटोलीला नेलं. त्यांच्या कारखान्यातल्या बाळारामचं ते गाव. मला वाटतं, निकालाच्या विचाराने मी घरात फेऱ्या घालत होते ते त्यांना बघवलं नाही.

भात कापून झालेली शेतं, त्यांत वालाचे वेल, पलीकडे नदीची रेघ, आणि डोंगर आता इतके जवळ की हात लावावा. गावात फोनला रेंज नव्हती. सुरुवातीला मी फोन डोक्यावर धरून उगाच फिरले. मग सोडून दिलं. एका आंब्याखाली बसले. मोहराचा वास, गवतात काहीतरी सारखं किरकिरत असलेलं. मला डुलकी लागली आणि अर्धवट झोपेत वाटलं की मी इथलीच आहे, अकरा महिने संपून कितीतरी वर्षं झाली आहेत आणि कोणी मला काही विचारत नाही. इतकं बरं वाटलं की जाग आली तेव्हा रडू आलं.

बाळारामच्या आईने जेवायला हाक मारली. तांदळाची पांढरी मऊ भाकरी, वालाचं बिरडं, सुकट. आमची ज्वारीची भाकरी खाल्ली की माणूस कामाला लागतो. ही भाकरी खाऊन निजावंसं वाटतं. खाटेवर टेकले तर म्हातारीनेच विचारलं, "कुठली गं बाय तू?"

"अंबाजोगाईची. तुम्ही? इथल्याच ना?" मूळच्या हा शब्द मी गिळला.

"हितल्याच म्हनायचं. आदी घर थितं नदीवर व्हतं. पुरात पानी शिरलं, मंग सासऱ्यानं वासं, कौलं समदी काढून डोक्यावर वाहून हितं आनली. तेच घर हे." तिने हात वर करून एका वाशावर थोपटलं. "घर चालत आलं, मंग मानसाचं काय?"

परतताना बदलापूरच्या रस्त्याला लागलो आणि फोन एकाएकी किणकिणायला लागला. विभागप्रमुख बाईंचे चुकलेले फोन. लावला. निवड झाली होती. "अकरा महिने, मॅडम. खोटं आश्वासन देत नाही. मंगळवारपर्यंत कळवा."

दाजींनी गाडी बाजूला घेतली. मी खाली उतरून डोंगराकडे तोंड करून उभी राहिले. आनंद झाला होता, इतका की छातीत मावत नव्हता, आणि त्याच्या तळाशी अण्णांचं जमिनीकडे बघणं होतं.

पुन्हा शिवमंदिर

सोमवारी निघण्यापूर्वी एकटीच देवळात गेले. सकाळची वेळ, गाभाऱ्यात एक आजी पिंडीवर पाणी घालत होत्या. वरच्या मोकळ्या जागेतून उजेड थेट खाली उतरला होता. ज्याने हे बांधलं त्याला शिखर पुरं करता आलं नसेल, किंवा झालेलं पडलं असेल. विद्वानांनी काय ते ठरवावं. मी तिथे पहिल्यांदाच विद्वान नव्हते. वरून एक पारवा फडफडत गेला आणि आजींनी त्यालाही नमस्कार केला.

बाहेर येऊन अण्णांना फोन लावला. "अण्णा, झाली निवड."

"पर्मनंट?"

"नाही. अकरा महिने. पण मला जायचंय. इतकं मनापासून मला कुठंच जावंसं वाटलं नव्हतं."

 "बरं," अण्णा म्हणाले, "ये घरी."

घर

मंगळवारी सकाळी पोचले. जेवताना आईला सगळं सांगितलं, आंटींच्या पापडासकट. आई हसून लोटपोट झाली. अण्णा खाली मान घालून जेवत होते. ऐकतायत की नाही कळेना. संध्याकाळपर्यंत दोन्हीकडे कळवायचं होतं, आणि ते हात धुऊन ओसरीवर जाऊन बसले.

भर दुपारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाबुराव काका आले. ओसरीवर टेकले. "काय अण्णा, आली का लेक? लागली म्हनं?" आणि मग तेच, "पर्मनंट हाय का?"

मी आतल्या दारात उभी होते. अण्णा जमिनीकडे बघतील म्हणून मीच मान खाली घातली.

"उन्हाचा आलास," अण्णांचा आवाज आला. "बस जरा. रोहिणे, एक पापड भाज, आन् पानी आन."

मी पापड भाजून ताटली काकांपुढे ठेवली. काकांनी पापडाकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "जेवायला थांबवता का काय? मी जेवून आलोय राव. आन् पर्मनंटचं काय म्हनलात?"

"आधी पापड खा," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मोठी बॅग माळ्यावर हाय. काढून ठेव. चेन बिघडलीय तिची, संध्याकाळी दुरुस्त करून आनतो."

मी आत गेले. आधी अकॅडमीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मग उल्हासनगरला. दोन्ही फोन उरकून, डोळे धुऊन बाहेर आले, तरी बाबुराव काका पापड हातात धरून, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत, ताटाची वाट पाहत बसले होते.